खिंडीतली मोजणी

"भाऊ, कळपात एकूण किती होते?"

"अकरा."

"मी बारा मोजले."

"तो बारावा जावई आहे, म्याडम. त्याले कायले मोजता?"

रामटेके भाऊंशी माझं पहिलं भांडण हे असं झालं. समोरच्या उतारावर रानगव्यांचा कळप चरत होता, माझ्या गुडघ्यावर तक्ता होता आणि तक्त्यात कळपाची संख्या लिहायला चांगला ऐसपैस रकाना होता. बारावा तो काळाकभिन्न नर माझ्या डोळ्यांसमोर उभा होता. पण भाऊंचं म्हणणं असं, की हा माजाच्या दिवसांपुरता आलेला आहे, पंधरा दिवस राहील, खाईल-पिईल आणि पुन्हा एकटा फिरायला निघून जाईल. "तुमी जावयाचं नाव रेशन कार्डात टाकता का?" त्यांनी मला विचारलं. मी चिडून बारा लिहिले. संध्याकाळी पाहते तर त्यांनी त्यांच्या तक्त्यात अकरा लिहून शेराच्या जागी "पाहुणा एक" असं टाकलं होतं.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चिचघाटच्या पहाडीवरचे रानगवे कोणत्या ऋतूत काय खातात आणि कोण कोणाबरोबर राहतं, याचा अभ्यास मी हाती घेतला होता. महिन्यातून चार दिवस मी यायची; बाकीचे दिवस नोंदी ठेवायला मला एक वनमजूर दिला होता, पायथ्याच्या साखरबोडी गावचे देवाजी रामटेके. निवृत्तीला एक-सव्वा वर्ष राहिलं होतं. "पहाडीवरचं त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही," असं मला सांगण्यात आलं होतं. ते खरं होतं. ते माहीत असलेलं त्यांच्याकडून काढून घेणं किती जिवावर येईल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

उंच, वाळका माणूस. खाकी शर्टाची कॉलर धुऊन धुऊन पांढरी पडलेली. काखेत काळी छत्री, बारा महिने. ती छत्री मी कधीही उघडलेली पाहिली नाही. भर पावसात आम्ही दोघं ओलेचिंब होऊन साजाच्या झाडाखाली उभे होतो तेव्हा मी न राहवून विचारलं, "उघडत का नाही?" तर म्हणाले, "छत्री उघडली का जनावर पळते." "मग आणता कशाला?" "पाऊस आला तर?" मी पदर पिळला. त्या दिवशी मूर्खासारखी साडी नेसून गेले होते, तोही राग त्यांच्यावरच काढला.

दुसरा छळ म्हणजे चव. गव्यानं ज्याला तोंड लावलं ते स्वतः चावून पाहिल्याशिवाय हा माणूस पुढं सरकायचा नाही. गवताचं पातं, बांबूचा पाला, वेलीचं टोक, सगळं. मी हात जोडून सांगितलं, की भाऊ, नुसतं नाव लिहा, एखादं विषारी निघालं तर मला उत्तर द्यावं लागेल. "तिनं खाल्लं न?" एवढंच म्हणायचे. "ती" म्हणजे मोठी बाई, कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी गाय. तिचा उजवा कान फाटलेला होता. तिनं सोडलेलं ते चाखत नसत आणि तिनं खाल्लेलं सोडत नसत. चार किलोमीटरच्या वाटेला आम्हाला दुपार व्हायची.

आणि नोंदी कशा, तर आषाढात "गवत कोवळं, गोड, जीभ भरते." भाद्रपदात त्याच गवतापुढं "आता तोंडात फिरते." दिवाळीनंतर "गवत सोडलं, बांबूचा पाला धरला." चैत्रात मोठ्या बाईनं नाल्याकाठच्या सागाची साल सोलली, तेव्हा भाऊंनीही एक तुकडा दाढेखाली धरला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, कशी लागते? म्हणाले, "भिंतीचा चुना चाटल्यावानी." तक्त्यात लिहिलं: साल, चुना. उन्हाळ्यात गवे सागाची साल क्षारांसाठी खातात हे मी पुस्तकात वाचून आले होते, नि ते त्यांना सांगून भाव खायचा माझा बेत होता. तो तिथंच फसला.

वर्षभराचा गव्यांचा संसार त्यांनी मला एका दमात सांगितला होता. पावसाळ्यात कळप पहाडीवर, पठारावरच्या गवतात. "तवा एकत्र कुटुंब." गवत राठ झालं की फुटायचं, तीन इकडं, चार तिकडं, उतारावरच्या बांबूत. "हिवाळ्यात वेगळ्या चुली." आणि वरचं पाणी आटलं की फाल्गुनापासून सगळे खिंडीतून खाली, नाल्यातल्या डोहावर. "मंग पुन्हा एका विहिरीवर. भांडतात, पण राह्यतात." माझ्या अहवालाची निम्मी प्रकरणं या चार वाक्यांत होती. मला ती आकड्यांत हवी होती, आणि आकडा म्हटला की भाऊ अडून बसायचे.

घरी सुमनबाई. त्यांचं गव्यांशी उभं वैर. खिंडीच्या तोंडाशी रामटेक्यांचं शेत. धान निघाल्यावर त्यात लाखोळी आणि हरभरा. कळप खाली उतरताना पहिला घास तिथंच घ्यायचा. भाऊ संध्याकाळी पायरीवर बूट काढत असले की आतून आवाज यायचा, "या. तुमची मोठी बाई जेवून गेली आज. माहा हरभरा गोड लागला म्हणे तिले." मला चहा देताना त्या म्हणायच्या, "म्याडम, मले सवत पाह्यजे होती तर माणसातली आणली असती न यानं." भाऊ हसायचे नाहीत. हरभऱ्याचा उरलेला एखादा डहाळा तोडून चावायचे आणि म्हणायचे, "गोड आहे खरं."

गावाचंही सुमनबाईंसारखंच झालं होतं. पहाडीच्या पायथ्यानं सरळ तारेचं कुंपण घाला, असा अर्ज गेला आणि तो वर मान्य होत आला. अडचण एकच होती. सरळ रेषा ओढली की नाला आणि डोह कुंपणाच्या गावाकडच्या बाजूला जात होते. वनखात्याच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, नाल्याकाठी माद्या वितात का? लहान वासरं असतात का? असतील तर मला कुंपण शेतांच्या कडेनं वळवून घ्यावं लागेल, त्यात हे वर्ष जाईल. नसतील तर नुसत्या पाण्यासाठी वर टाकं बांधून देतो." प्रश्न सरळ होता. उत्तर माझ्या तक्त्यांत असणारच होतं.

फाल्गुन ते वैशाख हे आमचे परीक्षांचे दिवस. त्या तीन महिन्यांत मी मोठ्या मुश्किलीनं एकेक दिवस काढून गेले, त्यातही वरच्या कड्यावरून दुर्बिणीनं पाहून परतले. चैत्रात तेवढी सागाच्या सालीसाठी नाल्याच्या तोंडापर्यंत उतरले होते. डोहाभोवती करवंदीची दाट जाळी, तिच्यातून पाठी आणि शिंगं दिसायची. बाकीच्यासाठी भाऊंचे तक्ते होते. फाल्गुन, वासरं: शून्य. चैत्र, शून्य. वैशाख, शून्य. मागच्या श्रावणात मात्र वर पठारावर पाच. म्हणजे माद्या पहाडीवरच वितात, हे उघड होतं. मी तसं लिहून दिलं, खाली सही केली, आणि गावात बैठक ठरली.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी साखरबोडीला गेले. परीक्षा संपल्या होत्या, म्हटलं एकदा डोह जवळून पाहावा. सकाळी भाऊ मला जाळीतल्या वाटेनं एका खडकावर घेऊन गेले. खाली डोहात गुडघाभर पाणी, काठाला सगळं कुटुंब. मोठी बाई पाणी पिऊन बाजूला झाली आणि तिच्या मागच्या पायांमधून एक पिवळसर, शेळीएवढं वासरू पुढं आलं. मग जाळीतून आणखी दोन.

"भाऊ, हे काय आहे?" मी शक्य तितक्या हळू विचारलं.

"वासरू."

"कधीचं?"

"हे? होळीच्या मागचं. ते पलीकडचं आत्ताचं आहे, आठ दिवसाचं."

"मग लिहिलं का नाही?"

ते माझ्याकडं असे बघत राहिले, की चूक माझीच असावी. "पहाडी चढलं कुठी अजून?"

भाऊंची पद्धत मला त्या खडकावर कळली. वासरू खाली जन्मतं, ते त्यांच्या लेखी अजून झालेलं नसतं. श्रावणात कळप खिंड चढून वर जातो, त्या दिवशी भाऊ खिंडीतल्या दगडावर बसतात आणि आपल्या पायांनी जेवढी वासरं वर येतील तेवढी लिहितात. तीस वर्षं त्यांनी असंच मोजलं होतं. माझ्या तक्त्यांतली वासरं पठारावर उगवत होती ती यामुळं.

मी त्यांना काय काय बोलले ते आठवलं तरी आज कानशिलं तापतात. ही अंधश्रद्धा आहे म्हणाले. हा शब्द त्यांना लागणार हे मला ठाऊक होतं. त्यांचे वडील नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. भाऊ खिंडीतल्या शेंदूर फासलेल्या देवापुढून मान न वळवता जायचे, आणि जीपला लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी माझ्यादेखत अर्धा तास समजावलं होतं. ते एवढंच म्हणाले, "नाई म्याडम, तसं नाई." मग कसं, हे सांगतील तर शपथ. तेव्हा मी आणखी एक बोलले. म्हटलं, कुंपण झालं तर पहिलं तुमचंच शेत वाचणार आहे, म्हणून शून्य लिहिलं का?

भाऊंनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"तसं दिसते खरं," ते म्हणाले आणि वाटेला लागले. परतताना त्यांनी एकही पान तोडून चावलं नाही. मला ते जाणवलं, आणि रागाच्या भरात बरंही वाटलं.

घरी ते विहिरीकडं निघून गेले. सुमनबाईंनी माझ्यापुढं काळा चहा ठेवला आणि माझं तोंड पाहून विचारलं, "काय केलं यानं?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या.

"त्याले एक डाव खुलासा मागतला होता," त्या म्हणाल्या. "नवीन होता तवा नोकरीत. डोहावर नऊ वासरं मोजली, लिवून देल्ली. श्रावणात वर गेली पाच. चार कुठी गेली म्हणून साहेबानं लेखी मागतलं. कोळसून कुत्रे नेतात, वाघ नेते, कोणतं उपाशी मरते, हे का लिवाची गोष्ट आहे? साहेब म्हणे, तू खोटे नऊ लिवले, घरी बसून लिवले. दोन साल त्याची पगारवाढ अटकून राह्यली. तवापासून हा चढल्याबिगर मोजत नाई. मी म्हणतो, बरोबरच आहे. मेलेल्याचा खुलासा जित्या माणसानं कायले द्यावा?"

मी चहा प्यायले. काळा चहा मला आवडत नाही, पण त्या दिवशी तक्रार करायला तोंड नव्हतं. वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता, कारण हेच चार शब्द भाऊंनी खडकावर बोलले असते तर मी पुढचं बोललेच नसते. वर्षभरात कधीही सांगितलं असतं तरी माझा अहवाल चुकला नसता. मी विहिरीवर गेले, माफी मागितली. ते बादली ओढत म्हणाले, "बैठक किती वाजता आहे?"

बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. गाव गच्च भरलेलं. साहेबांनी माझा अहवाल वाचून दाखवला, लोक खूश झाले. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, की माझा अहवाल चुकला आहे, डोहावर वासरं आहेत, मी परवा तीन पाहिली. एकदम गलका झाला. मागून कोणीतरी म्हणालं, म्याडमले एका दिवसात वासरं झाली का. साहेब वैतागले, माझ्यावर त्यांनी वैतागावं हे रास्तच होतं. "मॅडम, तीन महिन्यांच्या तक्त्यात शून्य आहे आणि खाली रामटेक्यांची सही आहे. मी काय समजायचं?"

सगळे भाऊंकडे वळले. ते दाराशी उभे होते, छत्री काखेत.

"तक्ता चुकला आहे," भाऊ म्हणाले. "सात आहेत."

"सात? लेखी द्याल?"

भाऊंची निवृत्ती दोन-अडीच महिन्यांवर आली होती. आता सात लिहून द्यायचे आणि श्रावणात पाचच चढली, तर पुन्हा तोच खुलासा, आणि या वेळी तो निवृत्तीच्या कागदांत अडकणार. हे साहेबांना माहीत नव्हतं. मला होतं. शिवाय समोर बसलेलं सगळं गाव त्यांचं; कुंपण लांबलं तर उद्यापासून विहिरीवर कोण बोलेल, कोण नाही, याचाही भरवसा नव्हता. भाऊ नुसते उभे राहिले. त्यांच्या त्या उभं राहण्यानं वर्षभर माझा जीव खाल्ला होता, पण त्या दिवशी घाई करा असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

बायकांच्या बाजूनं सुमनबाईंचा आवाज आला. "सही करा न मंग. उभे काय राह्यले? हरभरा माहा गेला, तुमचा काय गेला?"

कोणीतरी हसलं. भाऊ टेबलापाशी गेले. साहेबांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर त्यांनी सातही वासरांची ओळख लिहिली: मोठ्या बाईचं एक, वाकड्या शिंगाच्या गाईचं एक, असं एकेक. अर्धा तास लागला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी आकडा, त्याखाली सही. कुंपणाची रेषा त्या दिवशी पुसली गेली. आता ती शेतांच्या कडेनं नव्यानं आखायची ठरली. लोक उठले ते भाऊंशी न बोलता उठले.

श्रावणात मी शेवटची गेले. भाऊ भल्या सकाळपासून खिंडीतल्या दगडावर बसले होते, गुडघ्यावर तक्ता, त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. मी थोडी मागं, झाडाआड. आठच्या सुमाराला मोठी बाई वर आली, फाटका कान हलवत, पाठोपाठ तिचं वासरू. मग बाकीच्या. वासरं घसरत होती, थांबत होती, आयांच्या पोटाखालून पुढं येत होती. मी मोजत होते. चार. पाच. वाकड्या शिंगाच्या गाईमागं सहावं. कळप पठारावरच्या गवतात पांगला आणि खिंड रिकामी झाली.

तासभर गेला. पावसाची भुरभुर सुरू झाली.

"भाऊ," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सहा लिहा. मी साहेबांना सांगते, काय झालं असेल ते समजावते. माझं नाव लावा."

त्यांनी मान हलवली. "ते आठ दिवसाचं होतं न, ते राह्यलं आहे. त्याची माय बी नाई आली वर. पाह्यलं नाई तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. वर्षभर मोजूनही मला गाई मोजायच्या सुचल्या नव्हत्या.

"उद्या येईल, नाईतर परवा," ते म्हणाले. "तुमची बस आहे. तुमी निघा."

"आणि नाही आलं तर?"

"सही केली आहे, म्याडम. बसा लागते."

मी निघाले. बस चुकली असती तर दुसऱ्या दिवसाचं लेक्चर बुडालं असतं, हे खरं, आणि तिथं बसून राहणं मला झेपलं नसतं, हेही खरं. वळणावर मागं पाहिलं तेव्हा पाऊस चांगलाच धरला होता. भाऊ दगडावर तसेच, तक्ता शर्टाच्या आत सरकवलेला, खाली नाल्याच्या वाटेकडं तोंड. केसांतून पाणी गळत होतं. माझं डोकं पुन्हा फिरलं.

"अहो भाऊ," मी ओरडले, "निदान आज तरी छत्री उघडा."

त्यांनी मागं न पाहता हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं. छत्री काखेतच होती.